क्लोजअपसाठी सोडलेली जागा

नववीतली मुलगी होती. एकांकिकेत तिने आजीचं काम केलं होतं, नातवाला शहरात पाठवून मागं राहिलेल्या आजीचं. केसांना पावडर चोळून ते पांढरे केलेले, नऊवारी कमरेपाशी सेफ्टी पिनांनी कशीबशी धरलेली, आणि पदर सावरायला हात वर गेला की दिव्याच्या झोतात पावडरीचा भपकारा उडायचा. शाळांची स्पर्धा, सांगलीतलं एक जुनं सभागृह, पावसामुळे अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. उरलेल्या अर्ध्यांत मुलांचे आईबाप आणि त्यांच्या हातातल्या भडंगाच्या पुड्यांची कुरकुर. प्रयोग संपल्यावर परीक्षक मंचावर गेले, एकेका मुलाशी दोन शब्द बोलले. या मुलीपाशी आल्यावर म्हणाले, ‘‘बाळ, पाठांतर चोख आहे. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो. फक्त मालिका जरा कमी बघत जा.’’ सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. तीही हसली, पण आजीची वाकलेली पाठ तशीच ठेवून. सरळ उभं राहायचं तिला बहुतेक सुचलंच नाही.

हे वाक्य मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. परीक्षक खोटं बोलले असं म्हणता येत नाही. ती खरंच मालिकेतल्यासारखं करत होती. आपलं वाक्य संपलं की मान प्रेक्षकांकडे वळवायची, डोळे मोठे करायचे आणि थांबायचं. नातवाचं काम करणारा मुलगा बिचारा तोंड उघडून तयार असायचा, तोही तिच्यासाठी थांबायचा. दोन-तीन ठिकाणी तर इतकी शांतता पडली की मागच्या रांगेतल्या कुणीतरी ‘विसरली वाटतं’ म्हटलेलं मला ऐकू आलं. ती विसरली नव्हती. विश्रामबागेकडे येताना रिक्षाच्या ताडपत्रीतून पाऊस आत येत होता, मी पर्स मांडीवर धरून बसले होते, आणि ती कशासाठी थांबत होती ते तेव्हा डोक्यात उजेड पडल्यासारखं कळलं. ती क्लोजअपसाठी जागा सोडत होती. टीव्हीवर त्या जागेत कॅमेरा जवळ येतो, मागे काहीतरी दणदणतं, मग सासूचा चेहरा, मग जावेचा, मग पुन्हा सुनेचा. नाटकात त्या जागेत कुणीच येत नाही. मुलगी संकलन शिकून आली होती आणि तिला वाटत होतं की हाच अभिनय. हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ‘मालिका कमी बघ’ यातून ते तिला कळलं असेल असं मला वाटत नाही.

तिला घरी जाऊन काय वाटलं असेल, हा विचार मी त्या रात्री मुद्दाम केला नाही.

मालिकांना नावं ठेवणं हा आमच्यासारख्या नाटकवाल्या प्रेक्षकांचा जुना आणि सुखाचा उद्योग आहे. सांगलीत तो जरा जास्तच चालतो, कारण इथे प्रत्येकाला आपण १८४३ सालापासून थिएटरात बसलोय असंच वाटतं. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथे केलं, राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने केलं, दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, भाव्यांच्या नावाचं पदक दिलं जातं, आणि आम्ही सगळे ‘नाट्यपंढरी’ म्हणत एकमेकांचे हात हातात घेतो. या अभिमानाचं मला वावडं नाही, मीही त्यातलीच. पण त्या अभिमानाची एक वाईट खोड आहे. पडद्यावरच्या पोरांना आम्ही कलावंत मानायलाच तयार नसतो. ‘सीरियलमधला’ हा शब्द आम्ही ज्या सुरात उच्चारतो, त्या सुरात घरात पाल निघाल्याचं सांगतात.

एकदा साताऱ्याकडे एका मालिकेचं चित्रीकरण जवळून बघायला मिळालं. भावाच्या ओळखीने, एका वाड्याच्या सोप्यात. बाहेर जनरेटरची घरघर, वायरींचे वेटोळे, चहाच्या कागदी कपांचा ढीग, आणि गावातल्या बायका डोक्यावर पदर घेऊन कठड्यापाशी उभ्या. एकच प्रसंग आधी सगळ्यांसकट घेतला, मग एकेकाचा चेहरा. नायिकेचं काम करणारी पोर विशी-बाविशीची. समोरचं पात्र निघून गेलं होतं, बहुधा जेवायला, आणि त्याच्या जागी उभा राहिलेला साहाय्यक कागदावरची वाक्यं एकसुरी वाचत होता. त्या कागदाकडे बघून तिने डोळ्यांत पाणी आणलं. तेवढ्यात ट्रॅक्टर गेला, आवाज आला, म्हणून पुन्हा. पुन्हा पाणी आणलं. मग एका दिव्यासाठी पुन्हा. आठवड्याला सहा भाग द्यायचे, हातात पुढच्या भागांची ‘बँक’ उरलेली नाही, प्रसंग लिहून सेटवर येतोय आणि तो वाचायला मेकअपच्या खुर्चीतला वेळ, असा तो कारभार. गुरुवारी टीआरपी आले की कुणाचं पात्र वाढणार आणि कुणाला कथेत ‘बाहेरगावी’ पाठवणार ते ठरतं. आणि एवढं सगळं तिच्या मागे उभं असताना आम्ही सोफ्यावर बसून म्हणायचं, हिला अभिनय येत नाही.

येतही नसेल. मला म्हणायचंय ते एवढंच की आपण ज्याला तिचा अभिनय म्हणतो त्यातलं तिचं किती आणि कापणाऱ्याचं, जोडणाऱ्याचं, वाजवणाऱ्याचं किती, हे बघायची तसदी आपण घेत नाही.

आमच्या घरात एक व्यक्ती मात्र ती तसदी रोज घेते. माझ्या सासूबाई. तासगावकडच्या शेतकरी घरातल्या, शाळा चौथीपर्यंत, गुडघ्यांनी हल्ली बंड पुकारलेलं. संध्याकाळी सात वाजता तेलाची वाटी घेऊन त्या टीव्हीसमोर बसतात आणि गुडघ्याला तेल चोळत चोळत समीक्षा करतात. ‘छान काम करते’ किंवा ‘बेकार काम करते’ असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या हात बघतात. मालिकेतली नवी सून चुलीपुढे बसली की त्यांचं तेल चोळणं थांबतं. ‘‘परातीत हात बघ तिचा. बोटानं थापतीय. भाकरी बोटानं न्हाई थापत, तळव्यानं सरकती. आन् पिठाला पाणी कुठाय?’’ खुरपं धरलेलं दाखवलं की त्या धारेची दिशा बघतात. डोक्यावर घागर दिली की मानेकडे बघतात, कारण रिकामी घागर मानेला कळते म्हणे. एकदा एका मुलीला त्यांनी जी शाबासकी दिली ती मी विसरणार नाही. ती पोर पडवी झाडत होती, संवाद दुसऱ्याच कुणाचा चालला होता, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात ती नुसती झाडत होती. झाडून झाल्यावर तिने केरसुणी उभी न ठेवता कोपऱ्यात आडवी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ही घरातली हाय.’’ तेवढंच. त्या मुलीचं नाव काय, ती मालिकेत कुणाची कोण, याची त्यांनी चौकशीही केली नाही.

आणि रडण्याबद्दल त्यांचं एक निरीक्षण आहे, ते मी वृत्तपत्रांतल्या कितीतरी परीक्षणांवरून ओवाळून टाकीन. ‘‘ह्या पोरींना रडाय येतंय. हसाय येत न्हाई कुणालाच.’’ मग मी मुद्दाम लक्ष देऊन बघू लागले. खरंच की. हसू येतं तेव्हा ते कुणाला तरी दाखवायला येतं.

साताऱ्याचं माहेर असल्यामुळे २०१७ नंतरची दोन वर्षं मी दोन्ही बाजूंनी अनुभवली. ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि झी मराठीवर सातारी बोली रोज संध्याकाळी घराघरांत शिरली. त्याआधी पडद्यावर आमची भाषा म्हणजे नोकराची, नाहीतर पाटलाच्या गुंडाची. इथे नायक नायिकाच तसं बोलत होते, आणि लिहिणारा तेजपाल वाघ वाईचा. भावाचा फोन यायचा, ‘‘बघितलीस का, आपलीच माळं दिसत्यात.’’ त्याच्या आवाजातला आनंद असा होता की शेजाऱ्याच्या लग्नात आपला फोटो चांगला आलाय. रविवारी गाड्या करून लोक चित्रीकरणाच्या गावांना जाऊ लागले. फौजेत जायचं वेड असलेला अज्या आणि त्याची शीतली. नितीश चव्हाण आणि शिवानी बावकर ही नावं माहीत असूनसुद्धा कुणी वापरत नव्हतं.

पण कौतुक पहिल्या महिन्यातलं. नंतर राजवाड्याच्या चौपाटीवर उभं राहिलं की खरं परीक्षण ऐकू यायचं. नितीश साताऱ्याचाच, त्याला लोक सोडून द्यायचे. शिवानी मुंबईची, तिच्यावर सगळ्यांचे कान. ‘ळ’ चांगला म्हणते, पण वाक्याच्या शेवटी जास्तच ओढते. आमच्यात असं कुणी हेल काढून बोलत न्हाई, असं म्हणणारा गृहस्थ हे वाक्य इतका हेल काढून बोलला की मी पाणीपुरीची वाटी तोंडापाशी धरून तशीच उभी राहिले. भावाच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार होते, घरातली तिसरी पिढी फौजेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर नावातच ‘मिलिटरी’ लावतं, त्या भागात फौज ही नोकरी नसून घराण्यातली चाल आहे. तर हे हवालदार मालिका रोज बघायचे आणि रोज चिडायचे. बेल्ट चुकलाय, कडक सलाम असा नसतो, ह्या केसांवर पोराला पहिल्याच दिवशी मैदानाला दहा फेऱ्या पडल्या असत्या. त्यांच्या बायकोने मला हळूच सांगितलं की पोरगा घरातून निघायचा प्रसंग लागला की हे पाणी प्यायला म्हणून उठतात ते जाहिरात लागेपर्यंत आत येत नाहीत.

तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस दुटप्पी आहे. आता वाटतं, एवढा प्रामाणिक प्रेक्षक कुणाला मिळतो? बेल्ट चुकला हे त्या नटाला शिकण्यासारखं आहे, आणि अंगणात जाऊन उभं राहणं हे त्याला कुणी कळवलं तर आयुष्यभर पुरण्यासारखं. यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलं नसणार. पोचतं ते भलतंच. त्याच मालिकेत भैय्यासाहेबाचं काम करणाऱ्या किरण गायकवाडने पुढे ‘देवमाणूस’मधला खुनी डॉक्टर केला. वाईकडच्या ज्या प्रकरणावरून ती मालिका सुचली ते २०१६ साली उघडकीला आलं होतं, त्यामुळे इकडच्या लोकांना त्यातलं भय ऐकीव नव्हतं. आमच्या माहेरच्या गल्लीतल्या काकू त्याच्याबद्दल म्हणाल्या, ‘‘त्याच्या डोळ्यांतच हाय ते. मुळातलाच असणार.’’ नटाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक नाही आणि माणसाला यापेक्षा मोठा अपमान नाही. दोन्ही एकाच वाक्यात, आणि काकूंना त्याचा पत्ता नाही.

कोवळ्या वयातल्या नटांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर वाढतात आणि ते वाढणं आपल्याला आवडत नाही.

नाटक कंपन्यांच्या काळात याचा हिशेब उघड होता. बायकांची कामं करणाऱ्या, म्हणजे स्त्रीपार्टी मुलाचा आवाज फुटला की संपलं. काल ज्याच्यावर लोक फिदा होते तो आज पडदे ओढायला, किंवा घरी. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच जिल्ह्यातलं. १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर कंपनीत ते शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे बायका त्यांच्यासारखं पातळ नेसू लागल्या, इतकं ते वेड. आणि त्यांच्या बाबतीत लोकांनी नियमच फिरवला. त्यांना म्हातारं व्हायला परवानगीच दिली नाही. १९३५ साली ‘धर्मात्मा’मध्ये ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुष, म्हणजे स्वतःच्या वयाचे आणि स्वतःच्या देहाचे. लोकांना ते रुचलं नाही. माझे आजोबा त्या सिनेमाबद्दल बोलताना अजून दुखावलेले वाटायचे, जणू बालगंधर्वांनी त्यांचीच काहीतरी फसवणूक केली होती. मोठे झालात म्हणून बाहेर जा, किंवा मोठेच होऊ नका. प्रेक्षकाच्या प्रेमात या दोनच खोल्या असतात की काय, असं कधीकधी वाटतं.

मंगेशकरांचं घरही इथलंच म्हणायचं. दीनानाथांच्या भरभराटीची आणि उतरणीची बरीच वर्षं सांगलीत गेली, आशाबाईंचा जन्म इथला, १९३३चा. १९४२ साली वडील गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती आणि घर चालवायला तिला सिनेमात कामं करावी लागली. चेहऱ्याला रंग लावणं, दिव्यांसमोर उभं राहणं हे आपल्याला कधीच आवडलं नाही, असं त्यांनी पुढे मोठेपणी सांगितलं आहे. तिचा ‘पहिली मंगळागौर’ बघणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पोरीच्या चेहऱ्यावरची नाराजी बघून ‘हिला अभिनय येत नाही’ म्हटलं असेल? आणि ते खरंच असेल, तर बरंच झालं म्हणायचं का आपण? याचं उत्तर मला देता येत नाही. गाणं मिळालं म्हणून आपण खूश आहोत, पण ती बारा-तेरा वर्षांची मुलगी त्या दिवशी खूश नव्हती.

माधव वझ्यांची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यांत जवळची. १९५३च्या ‘श्यामची आई’त त्यांनी श्याम केला, त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. मग ते रीतसर मोठे झाले. इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटकं बसवली, नाट्यसमीक्षा लिहिली. ज्याच्यावर लहानपणी अख्ख्या महाराष्ट्राने मत दिलं तो माणूस पुढे इतरांच्या कामावर मत देण्याच्या खुर्चीत बसला, हे मला फार न्यायाचं वाटतं. पण २०२५ मध्ये ते गेले तेव्हा बातम्यांत पुन्हा श्यामच होता. पाऊणशे वर्षांत एवढं काम केलेला माणूस, आणि आपण त्याला पाय धुऊन घरात घेत होतो तो शाळकरी मुलगा म्हणून.

‘सैराट’च्या वेळी तर आपण हद्द केली. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती, अकलूजची. २०१६चा उन्हाळा, आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बारशात तेच बँजो. २०१७च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि तिला किती टक्के पडले हे पेपरात आलं. ६६.४०. आमच्याकडे किराणा देणाऱ्या माणसाला तो आकडा दशांशासकट पाठ होता आणि स्वतःच्या मुलाचा ‘साठ-पासष्ट असेल’ असा होता. कुणी म्हणालं शूटिंग करून एवढे म्हणजे खूप झाले, कुणी म्हणालं डोक्यात हवा गेली. त्यानंतर तिचं वजन, तिचे केस, तिचं इंग्रजी. ‘आता ती पूर्वीची राहिली नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की वाटलं, सोळाव्या वर्षी जशी होती तशीच विसाव्या वर्षी राहिलेली एकतरी मुलगी यांच्या ओळखीत आहे का? आमच्या आर्चीला तुम्ही मोठं केलंत, अशा थाटात लोक बोलतात. मोठं होणं तेवढं त्यांना नको असतं.

भावाची मुलगी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहते. ती कोरियन मालिका बघते. रात्री तिच्या खोलीच्या दाराखालून निळा उजेड आणि मधूनच हुंदके. आधी मला वाटलं, परीक्षेत काही झालं. २०२५च्या फेब्रुवारीत ती सकाळी चहाला आली ती डोळे सुजवूनच. किम से-रॉन गेली होती. चोविसाव्या वर्षी. मला नाव माहीत नव्हतं. तिने फोनवर फोटो दाखवला, नऊ-दहा वर्षांची पोरगी, कपाळावर सरळ कापलेले केस. त्या वयात ती कानच्या चित्रपट महोत्सवापर्यंत जाऊन आली होती. २०२२ साली दारू पिऊन गाडी चालवली, अपघात केला. गुन्हाच तो, दंड झाला, तिने माफी मागितली, कामं गेली. पण लोकांचं मन भरेना. ‘‘आत्या, तिथं कोर्टाचा निकाल लागला तरी लोकांचा लागतच नाही,’’ भाची म्हणाली. मग तिनेच सांगितलं की तिकडच्या मोठ्या संकेतस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखालचे अभिप्राय कधीच बंद केलेत. डाउमने २०१९ च्या ऑक्टोबरात, सुली नावाची गायिका-अभिनेत्री गेल्यावर, आणि नेव्हरने २०२० च्या मार्चमध्ये. ‘‘मग बंद झालं?’’ मी विचारलं. ‘‘छे. दुसरीकडं गेलं.’’

मला चहा कडू लागला त्या दिवशी. माझी भाची त्या मुलीसाठी रडत होती हे एक, आणि दुसरं, हीच भाची आदल्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्यातरी नटीच्या नाकाबद्दल मैत्रिणीशी फोनवर काय काय बोलत होती. मी ते तिला बोलून दाखवलं नाही. विशीतल्या पोरीला आत्याने सकाळी सकाळी एवढं ऐकवू नये. शिवाय नाकाबद्दल मीही काही कमी बोललेले नाही.

तिच्यामुळे एक गोष्ट कळली ती मात्र मजेची. कोरियन मालिकांत पुष्कळदा पहिले काही भाग नायक-नायिकेच्या लहानपणाचे असतात आणि ते करणारी मुलं वेगळी. २०१२ सालची ‘मून एम्ब्रेसिंग द सन’ ही वीस भागांची मालिका, त्यातले पहिले सहा भाग किम यू-जंग आणि यो जिन-गू या पोरांचे. लोक त्या दोघांवर असे लुब्ध झाले की मोठी मंडळी आल्यावर नायिकेच्या नावाने ओरड सुरू झाली, हिला लहानीसारखं जमत नाही म्हणून. म्हणजे तिथे उलटंच. मोठ्या बाईला शिक्षा कशाची, तर ती ती लहान मुलगी नव्हती याची.

मी स्पर्धेतल्या त्या मुलीचा विचार पुन्हा केला तो यानंतर. परीक्षकांच्या शेऱ्यात वाईट हेतू नव्हता, हे मला आजही मान्य आहे. कदाचित सकाळपासून दहावी एकांकिका बघून ते थकले असतील. पण त्यांचं वाक्य आणि माझ्या सासूबाईंचं वाक्य शेजारी ठेवून बघा. ‘मालिका कमी बघत जा’ यात त्या पोरीने उद्या काय करायचं? टीव्ही बंद केला तर थांबायची सवय जाईल का? त्याऐवजी ‘तू वाक्यानंतर थांबतेस, तिथे कॅमेरा नाही, समोरच्या मुलाकडे बघ’ एवढं म्हटलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी वेगळी उभी राहिली असती. बोटाने थापतीस, तळव्याने सरकव. यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून सभागृह हसलंही नसतं, टाळ्याही पडल्या नसत्या. परीक्षकालाही प्रेक्षक असतात आणि त्यालाही कधीकधी क्लोजअप हवा असतो, हे मी जरा खवचटपणे म्हणतेय, कळतंय मला.

मध्यंतरी गुडघ्यांमुळे सासूबाईंचं बाहेर पडणं बंद झालं आणि भाचीला सुट्टी लागली. दोघींनी मिळून ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टॅन्जरिन्स’ बघायला घेतली. जेजू बेटावरची गोष्ट, समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका, गरिबी, भांडणं, पोटापाण्याची झटापट. भाची वाक्य थांबवून थांबवून मराठीत सांगायची, सासूबाई तेल चोळत ऐकायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्या बुड्या मारणाऱ्या आईचे हात बघितले आणि ‘‘कामाची हाय’’ असा निर्वाळा दिला. म्हणजे कोरिया पास झालं. लहानपणीची नायिका, ए-सन, करणारी पोर त्यांना अशी आवडली की ती आईवर कविता लिहिते तिथे त्यांनी मागं नेऊन पुन्हा दाखवायला लावलं. कविता पोटातली हाय, ओठातली न्हाई, म्हणाल्या.

मग कथेत ती मोठी झाली आणि आयू नावाची सुंदर, नावाजलेली नटी आली. सासूबाईंचं तेल चोळणं थांबलं.

‘‘ही कोण?’’

‘‘आज्जी, तीच. मोठी झाली आता.’’

‘‘ती न्हाई ही. तिचं कान वेगळं हुतं.’’

‘‘अहो, गोष्टीत मोठी झाली ना. मग तेवढ्या लहान पोरीला कसं घेणार? ती खरी मोठी होईपर्यंत थांबायचं का त्यांनी?’’

‘‘थांबायचं की,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘घाई कुणाला हाय?’’ आणि पुढचा भाग लाव म्हणून तिच्या दंडाला कोपराने ढोसलं.